येऊ द्या, येऊ द्या!

पाच रुपयांच्या तिकिटासाठी माणसाला किती मागे जावं लागतं? शहाळेवाल्याच्या गाडीपर्यंत. मी जाऊन आलोय.

मंगळवारी मशीद बंदरला खजूर आणायला निघालो होतो. कॉटन ग्रीन स्टेशनच्या खिडकीवर रांग दिसली आणि खिशात मोबाइल असल्याच्या तोऱ्यात मी त्या रांगेची मनातल्या मनात कीव केली. (हीच कीव पुढे नडली.) जिन्याशी उभं राहून तिकीट काढायला घेतलं, तर मोबाइल म्हणाला, तुम्ही रुळांच्या फार जवळ आहात, लांब जा. टीसी दिसल्यावर लोकांनी डब्यात बसल्या बसल्या तिकीट काढू नये म्हणून ही अट आहे, हे मला कळतं. डोक्याला कळतं, पायांना नाही. मी चार पावलं मागे झालो. नाही. आणखी चार. तरी नाही.

"तसं नाही होणार साहेब. मागं बघून नका चालू, मोबाइल बघा. मागचं मी बघतो."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हातात कटिंग घेऊन एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात मफलर. मे महिन्यात मफलर! "बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. घाटात गाडी रिव्हर्स घेतलीय, तुम्ही काय चीज आहात," असं म्हणत त्यांनी दोन बोटं तोंडात घालून अशी काही शिट्टी मारली, की मी खरोखरच रिव्हर्स पडलो.

"येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं घ्या, खड्डा आहे. येऊ द्या... मिळालं?"

"नाही हो."

"येऊ द्या! ही हार्बर लाइन किती जुनी आहे ठाऊक आहे का? एकोणीसशे दहा! कुर्ला ते रे रोड! येऊ द्या... आणि देशातली पहिली विजेची गाडी कुठून गेली? इथून! तीन फेब्रुवारी एकोणीसशे पंचवीस, व्हीटी ते कुर्ला! थांबा, थांबा, मागं टेम्पो आहे."

टेम्पो गेला. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन मावश्या थांबल्या. "रील काढतायत वाटतं," एक म्हणाली. "कसलं गं, म्हातारा आहे," दुसरी म्हणाली. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. नोंद असावी.

"आणि नाव कॉटन ग्रीन का," कंडक्टरांचं सुरूच होतं, "तर इथं हिरवा कापूस ठेवायचे."

इथं मी चुकलो. गप्प मागे सरकायचं सोडून मी थांबलो आणि माहिती द्यायला लागलो. "अहो, ग्रीन म्हणजे मैदान. कापसाचं मैदान."

"हिरवंच ना मैदान?"

"हो, म्हणजे..."

"मग तेच म्हणतोय मी. येऊ द्या!"

खरं तर हे मैदानही माझ्यासारखंच मागे मागे सरकत इथवर आलं. आधी कापसाच्या गासड्या कोटात म्हणजे फोर्टात, सेंट थॉमस चर्चसमोर पडायच्या, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे तिथे. मग १८४४ साली त्यांना कुलाब्याला हलवलं. पुढे पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीकडे समुद्र हटवून भराव घातला आणि कापूस नावासकट इथे आला. प्रत्येक वेळी कोणीतरी "जरा लांब व्हा" म्हटलं असणार. माझे वडील इथल्याच एका गोदामात गासड्यांवर मार्का मारायचे. बोटांवरची निळी शाई रविवारीही जायची नाही. वरणभात कालवताना आई म्हणायची, "चमच्याने खा, भात निळा होतोय." आता कापूसही गेला आणि शाईही. स्टेशनाच्या पाटीवर तेवढा कापूस उरलाय, तो पिंजायचा कसा ते कोणी सांगत नाही.

आणि पुढच्याच स्टेशनाजवळून, शिवडीहून, जानेवारी २०२४ पासून समुद्र ओलांडून २१.८ किलोमीटरचा पूल गेलाय. त्यावर दुचाकीला बंदी. माझ्याकडे आहे ती दुचाकीच. म्हणजे तोही मी लांबूनच बघायचा. मोबाइलला एकट्याला काय बोल लावणार? बरं, हार्बरला फास्ट गाडी नसतेच, त्यामुळे आम्ही आमच्या गाडीला स्लोही म्हणत नाही. रे रोड हे लॉर्ड रे या गव्हर्नरचं नाव, पण मराठीत आल्यावर त्याच्याशी कायमचं अरे-तुरे झालं. आम्हाला मोठेपणाची हौस कधीच नव्हती. तिकीट तेवढं जागेवर मिळावं, बास.

असो. "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" आणि मी धप्पकन शहाळ्यांच्या गाडीवर आदळलो. तीन शहाळी गडगडत गटाराच्या जाळीपर्यंत गेली. "बस्स म्हटलं होतं मी!" कंडक्टर लांबून ओरडले. म्हटलं होतं, खरंय. पण 'बस्स' आणि गाडी यांच्यात माझी पाठ होती. शहाळेवाल्याने शिवी दिली नाही. त्याने फक्त कोयता उचलला, एक शहाळं तासलं आणि माझ्या हातात दिलं. "सत्तर."

एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि तेवढ्यात तिकीट आलं. पाच रुपये. मी विजयाने हात वर केला, तर तिकडे गाडीचा भोंगा. कंडक्टरांनी कटिंग एका घोटात संपवला, पेला पायरीवर ठेवला आणि सत्तरीतला तो माणूस मफलर सावरत दोन-दोन पायऱ्या चढत दिसेनासा झाला. त्यांच्याकडे पास होता. मी वर पोचलो, तेव्हा गाडी निघालेली. दारात ते उभे. मला बघून त्यांनी हात हलवला आणि हाळी दिली, "टिंग टिंग! आता पुढं या!"

मी शहाळं संपवलं. मलई काढायला चमचा नव्हता.

आज सकाळी खिडकीच्या रांगेत मुकाट उभा होतो. मागून तीच शिट्टी आली. मी वळूनसुद्धा बघितलं नाही. पाय मात्र आपसूक दोन पावलं मागे आले आणि मागच्या बाईंच्या डब्याला लागले.