मोहरीची उशी

बाळाला पाठीवर, उशीशिवाय झोपवा, हे तुमच्या नवजात बाळाच्या काळजीवरच्या लेखात वाचलं आणि आमच्याकडची मोहरीची उशी आठवली. डोकं गोल व्हावं म्हणून सासूबाईंनी जुन्या नऊवारीची हौसेनं शिवलेली. सातव्या दिवशी आशाताई (घरी भेट देणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या) आल्या, बाळाचं वजन केलं, उशी उचलली आणि माझ्या पाठीशी ठेवली. "पाजताना तूच टेक हिला." सासूबाई दोन दिवस घुश्श्यात!

दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत आशाच्या सहा भेटी असतात. पण ताई आल्या की घरातली मोठी माणसं चहा ठेवायला आत जातात आणि ऐकते एकटी बाळंतीण. लेखात धुरीबद्दलही लिहायला हवं होतं. बंद खोलीत शेगडीवर ओवा टाकला की माझेच डोळे चुरचुरायचे, बाळाचं काय होत असेल?