लातूरच्या मंगल कार्यालयाला कूलिंग टॉवर का नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. लातूरजवळच्या एका मंगल कार्यालयासाठी मी माझ्या लेखात ११ टनांची (टन म्हणजे थंडावा देण्याच्या क्षमतेचं माप) नऊ एअर-कूल्ड डक्टेबल युनिटं, म्हणजे उष्णता बाहेरच्या हवेत सोडणारे आणि डक्टमधून थंड हवा देणारे एसी, आणि जेवणाच्या हॉलला डक्ट कूलर, म्हणजे ओल्या पॅडमधून हवा गार करणारे मोठे कूलर, सुचवले होते. त्यावर तुमचे आक्षेप तीन. १०० टनांच्या लोडला वॉटर-कूल्ड चिलर (कूलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ करून उष्णता बाहेर टाकणारी मोठी यंत्रणा) सोडून दुसरं काही सुचवणं म्हणजे मालकाला वीजबिलात बुडवणं. डक्ट कूलरला वातानुकूलनाच्या लेखात बसवणं ही वाचकांची फसवणूक. आणि हा लेख कुणा विक्रेत्याने लिहून घेतला असावा.

तिसऱ्याचं आधी उरकतो. आमच्या धंद्यात सल्लागाराची फी बहुतेकदा प्रकल्पाच्या किमतीवर टक्क्यांत ठरते. चिलर, पंप, टॉवर, पाइपिंग, प्लँटरूम असा सगळा संसार मांडला असता तर माझंच भलं होतं.

आता वीज. तुमचा हिशेब बरोबर आहे, आणि लातूरला तो तुम्ही म्हणता त्याहूनही जास्त बरोबर ठरतो. तुम्ही मुंबईतल्या मॉलच्या प्लँटरूमचा अनुभव लिहिलात. तिथे मे महिन्यात हवा ३३-३४ अंशांची, पण वेट बल्ब (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान; टॉवरचं पाणी त्याच्या खाली उतरत नाही) २८च्या आसपास, त्यामुळे टॉवरमधून पाणी फार तर ३२ अंशांपर्यंत उतरतं. लातूरला हवा ४०-४१ अंश असली तरी कोरडी, वेट बल्ब २२-२३. म्हणजे टॉवरचं पाणी २७ अंशांना मिळणार. उलट एअर-कूल्ड कंडेन्सरला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला, तीच चाळिशीची तापलेली हवा खावी लागते. पंप-पंखे धरून वॉटर-कूल्डला टनामागे ०.८ किलोवॅटच्या आसपास, एअर-कूल्डला भर उन्हाळ्यात १.३च्या आसपास. अर्ध्या किलोवॅटचा फरक थोडा नाही.

पण टॉवर थंडावा कुठून आणतो? पाणी उडवून. एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट, त्यात कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता मिळवली की टॉवरला टनामागे ४.२ किलोवॅट बाहेर टाकावे लागतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता जाते. म्हणजे टनामागे तासाला सहा लिटर पाणी नुसतं हवेत. त्यात तिथलं बोअरचं पाणी जड. क्षार साचू नयेत म्हणून ब्लीड सोडायचा (टॉवरमधलं थोडं पाणी काढून टाकायचं), तो निम्मा तरी धरा, झाले नऊ लिटर. १०० टन आठ तास चालले की एका लग्नाला ७,२०० लिटर. बदल्यात वाचली वीज ४०० युनिट.

तुम्ही म्हणाल, वीज बनवायलाही पाणी लागतंच. लागतं. २०१५च्या केंद्राच्या नियमाने कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा आहे. ४०० युनिटांचे झाले १,४०० लिटर. म्हणजे १,४०० वाचवायला ७,२०० घालवायचे, आणि तेही एप्रिल-मेमध्ये, लग्नसराई आणि टंचाई हातात हात घालून येतात तेव्हा. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरकरांची तहान भागवावी लागली होती. टॉवर जिथे सगळ्यात झकास चालतो, तिथेच त्याला पाजायला पाणी नसतं, हा सगळा पेच आहे. परळीचं औष्णिक केंद्रच २०१३ साली पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, तर कार्यालयाच्या टॉवरची काय कथा!

टँकरचे पैसे मोजूनही बिलाच्या कागदावर कदाचित तुम्हीच जिंकाल. माझी हरकत पैशांची नाहीच. साडेबाराचा मुहूर्त आहे आणि टँकर अजून नाक्यावरही नाही, अशा वेळी चिलर हाय प्रेशरवर ट्रिप झाला (आतला दाब वाढून आपोआप बंद पडला) की वधूपित्याला कोणता तक्ता दाखवायचा? त्यातून जड पाण्याचा कंडेन्सर उघडून बघा. कव्हर काढलं की नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर, बोटाने निघत नाही, ब्रशने खरवडतो. मॉलला प्लँट ऑपरेटर पाळीने असतो. कार्यालयात वॉचमन असतो, आणि लग्नाच्या दिवशी तो पार्किंग सांभाळत असतो.

नऊ युनिटांचंही सांगतो. माणूस नुसता बसला तरी शंभरेक वॅट उष्णता सोडतो. ८०० वऱ्हाडी म्हणजे माणसांचेच २२-२३ टन. अक्षता पडल्या की निम्मा हॉल जेवायला पळतो, मग तीन-चार युनिटं बंद करायची. ऐन वेळी एक पडलंच तर आठ चालू राहतात. एकच चिलर पडला तर सगळेच घामाघूम.

कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा (वीज कंपनीकडून करारात मंजूर करून घेतलेल्या कमाल मागणीचा) तुमचा मुद्दा मात्र वजनदार आहे. एअर-कूल्डला डिमांड जास्त घ्यावी लागते आणि हॉल रिकामा असला तरी तिचा आकार दर महिन्याला भरावाच लागतो. मालकाला हे आधीच सांगितलं होतं. जेवणाचा हॉल कूलरवर टाकण्याचं एक कारण तेच.

तर डक्ट कूलर. त्याला मी एसी म्हटलेलं नाही, थंडाव्याचं व्यावसायिक यंत्र म्हटलंय. ४० अंशांची कोरडी हवा चांगल्या हनीकोंब पॅडमधून २६-२७ला बाहेर पडते. मुंबईत तोच कूलर २९च्या खाली येणार नाही, वर अंग चिकट. पाणी त्यालाही लागतं, पण जेवणाचे तीन तासच, आणि नाहीच आलं तर नुसती वाऱ्याची झुळूक तरी राहते. शिवाय ही सगळी हवा ताजी, त्यामुळे भज्यांचा नि मसाल्याचा वास कोंडत नाही. फक्त खिडक्या उघड्या हव्यात, नाहीतर एक्झॉस्ट पंखे. बहुतेक ठिकाणी कूलर चालू केला की लोक एसीच्या सवयीने दारं-खिडक्या लावतात, आतली दमट हवा कोंडते आणि मग शिव्या कूलरला.

पावसाळ्यात तो चालणार नाही, हे तुमचं खरं. पण आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत बहुतेकांच्या घरी कार्यच नसतं. मधे एखादं बारसं किंवा साठीशांत निघालीच तर मोठ्या हॉलची एक बाजू उघडायची, दोन डक्टेबल लावायची आणि पानंही तिथेच मांडायची.