सातबारा आमच्या सहीपायी अडत नाही

खान्देशातला ठरलेला वाद: आबा जाऊन तीन वर्षं झाली, उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव. दोष कुणाचा? "तिकडे लंडनला बसलेल्याची सही येत नाही." रावेर-यावलच्या ओट्यावरचं हे बोलणं आता व्हॉट्सअ‍ॅपवरून लंडनला आमच्यापर्यंत पोचतं.

भाऊ, वारस नोंदीला सगळ्यांच्या सह्या लागतच नाहीत. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कुणाही एका वारसाने तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) अर्ज द्यायचा: मृत्यूचा दाखला, आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा), सगळ्या वारसांची नावं-पत्ते लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. ई-हक्क या सरकारी पोर्टलवरूनही होतो. फेरफार (नावबदलाची नोंद) धरला की नोटीस, हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. यात लंडन कुठे आलं?

अडतं ते बहिणींची नावं गाळल्यामुळे. 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीतही मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, तरी अर्जात तिचं नाव नसतं. ती हरकत घेते, नोंद तक्रारीत जाते. नाहीतर वारस नोंद आणि हक्कसोड (आपला वाटा सोडून देणं) एकाच दमात उरकायची घाई. हक्कसोड वेगळा दस्त आहे. तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, नुसत्या नोटरीने भागत नाही. तोवर सोसायटीचं पीककर्ज आणि केळीचा विमा दोन्ही मयताच्या नावापाशी थांबतात.

सही हवीच असेल तर मुखत्यारपत्र पाठवतो. इथल्या नोटरीसमोर सही, वर अपोस्टिल (परदेशात चालावं म्हणून सरकारी शिक्का), आणि पाकीट भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क. चौथ्या महिन्यात दंड सुरू. ते पाकीट कुणाच्या कपाटात पडून राहतं, तेही एकदा ओट्यावर विचारा.

इथे कुणी गेलं की 'टेल अस वन्स' या सरकारी सेवेला एकदा कळवलं की पेन्शन, पासपोर्ट, लायसन्स सगळीकडे निरोप जातो. इनहेरिटन्स टॅक्स (वारसा कर) मृत्यूनंतरच्या सहाव्या महिन्याच्या अखेरीस भरला नाही की व्याज, त्यामुळे "दिवाळीनंतर बघू" कुणी म्हणत नाही. (प्रोबेटला, म्हणजे मृत्युपत्राच्या कोर्टमंजुरीलाही, महिनोन्‌महिने जातात, पण ते आम्ही गावाकडे सांगत नाही.)

आणि हक्कसोड मागितला की आम्हीही "पुढच्या सुट्टीत आलो की करू" म्हणतो, हे खरं. जमीन कसायची नाही, वाटा नको, खंडाचे पैसेही नकोत. पण हक्कसोडाचा फेरफार मंजूर झाला की उताऱ्यावर आमच्या नावाला कंस पडतो, म्हणजे नाव कमी होतं. इथे काउन्सिल टॅक्सच्या बिलावर नाव आहे, इलेक्टोरल रोलवर आहे. केळीच्या त्या गटावरही अजून थोडे दिवस असू द्या.