घुमट टिकेल, रस्त्याचं काय?

पावसाळा तोंडावर आला की दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या आमच्या नातलगांच्या ग्रुपवर अणुविजेचा वाद हमखास पेटतो. आतेभाऊ म्हणतो, शेजारच्या कर्नाटकातला कैगाचा अणुवीज प्रकल्प २००० सालापासून वीज देतोय, आपलं काय बिघडलं? काकी म्हणते, हल्ली अरबी समुद्रात वादळं किती येतात बघ, उद्या एखादं थेट तिकडेच वळलं तर? मग कुणी जैतापूर काढतं, कुणी फुकुशिमा, आणि शेवटी सगळे माझ्याकडे वळतात. तू तर प्रकल्पाच्या उशालाच राहतोस, तू सांग.

मी टोरोंटोच्या पूर्वेला, पिकरिंग अणुवीज केंद्राजवळ राहतो. मला वाटतं, हे दोघंही भलत्याच प्रश्नावर भांडतात. अणुभट्टीवरचा काँक्रीटचा घुमट पडेल की टिकेल, एवढ्यावरच त्यांची गाडी अडते.

२४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ फ्लोरिडातल्या टर्की पॉइंट प्रकल्पावरून गेलं. वारा ताशी २३० किलोमीटरच्या आसपास. वादळ येण्याआधीच दोन्ही अणुभट्ट्या बंद केल्या होत्या. त्यांच्या इमारतींना धक्का लागला नाही. पण बाजूच्या तेलावर चालणाऱ्या संचाच्या उंच धुरांड्याला एवढे तडे गेले की ते पाडावं लागलं. पाण्याची उंच टाकी कोसळली ती नेमकी आग विझवण्याच्या यंत्रणेवर. आत येणारा रस्ता ढिगाऱ्याने बंद झाला, बाहेरच्या जगाशी संपर्क काही तास पूर्ण तुटला. आणि बाहेरून येणारी वीज पाच दिवसांहून जास्त काळ नव्हती. बंद केलेली अणुभट्टीसुद्धा तापत राहते, तिला थंड पाणी फिरवत ठेवावं लागतं. ते काम त्या दिवसांत डिझेल जनरेटरनी केलं.

म्हणजे अणुभट्टी शाबूत राहिली आणि तिच्याभोवतीचं सगळं साधंसुधं कोलमडलं: तारा, टाकी, रस्ता, फोन. आपल्या अभियंत्यांना मी कमी लेखत नाही. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीचं पाणी तमिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुवीज केंद्राच्या पंपघरात शिरलं, तेव्हा चालू असलेला संच तिथल्या लोकांनी व्यवस्थित बंद केला. माझी काळजी कुंपणाबाहेरची आहे.

कुंपणाबाहेर आपल्याकडे काय होतं ते काणकोणकरांना सांगायला नको. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून नुसतं पुढे गेलं, तरी माड आडवे, खांब आडवे. वीज खात्याची माणसं भर पावसात राबत होती, तरी कितीतरी घरांत दिवसेंदिवस काळोख. मोबाइलचे टॉवर बंद, त्यामुळे आईचा आवाज ऐकायला मी इथे रात्र रात्र फोन लावत बसायचो. मडगावकडे निघावं तर वाटेत करमल घाट. दक्षिणेला कारवारकडे जावं तर काळी नदी, आणि तिच्यावरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. त्या रात्री ना वादळ होतं ना भूकंप. शेजारचा नवा पूल वाचला म्हणून वाहतूक पुन्हा सुरू करता आली.

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. १२ जानेवारी २०२०, रविवार. सकाळी साडेसातच्या सुमाराला ऑन्टॅरिओभर मोबाइल किंचाळले: पिकरिंग केंद्रात घटना घडली आहे. तो इशारा चुकून गेला होता, चाचणी करताना. पण चुकीचा होता हे फोनवर कळवायला जवळजवळ दोन तास लागले. लोक भयंकर संतापले, आणि ते योग्यच होतं. मात्र त्या सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या खणात पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या होत्या. किरणोत्सारी आयोडीन थायरॉइडमध्ये साचू नये म्हणून त्या घ्यायच्या असतात, त्याही प्रशासनाने सांगितल्यावरच. केंद्रापासून दहा किलोमीटरच्या आतल्या घरांत त्या २०१५ साली आपणहून पोचवल्या गेल्या. पन्नास किलोमीटरपर्यंतच्या कुणालाही मागितल्या तर फुकट मिळतात. चुकीच्या इशाऱ्यानंतर हजारोंनी त्या मागवल्या.

आपल्याकडे प्रकल्पाबाहेरच्या आणीबाणीचा आराखडा साधारण १६ किलोमीटरच्या परिघासाठी आखतात. कैगापासून मोजलं तर गोव्याची हद्द त्याच्या बाहेर पडते. वाऱ्याला आणि पावसाला राज्याची हद्द कळत नाही, म्हणून हा प्रश्न कर्नाटकाचा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्यासाठी अणुविजेच्या बाजूचं किंवा विरोधातलं असायचीही गरज नाही.

तेव्हा काकी, आणि आतेभावा तूसुद्धा, पुढच्या ग्रामसभेला दोघं मिळून उभे राहा. कैगात काही घडलं तर काणकोणच्या मामलेदाराला कोण कळवणार, आणि टॉवर पडलेले असतील तर कशाने कळवणार? आयोडाइडच्या गोळ्या काणकोणच्या आरोग्य केंद्रात ठेवणार का? घाट बंद असेल तर आजारी माणसांना कुठल्या वाटेने नेणार? उत्तर लेखी मागा, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी मागा.