गोधडीत राजकारण नको म्हणे

मामेबहिणीने कोथरूडहून फोटो पाठवला. तिच्या सोसायटीतल्या आठ-दहा बायका आणि त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांनी मिळून शिवलेली गोधडी. एका ठिगळावर पोळपाट-लाटणं, एकावर दोऱ्याने काढलेलं 'पगारी सुट्टी'. ती सोसायटीच्या हॉलमध्ये टांगायची की नाही यावरून आठवडाभर वाद पेटलाय. गोधडी ही मायेची वस्तू, तिच्यात राजकारण कशाला, असं विरोधकांचं म्हणणं.

तेव्हापासून माझं डोकं शांत नाही. मी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात राहते. इथल्या शर्टांच्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या बायकाच राबल्या. सुई हातात असलेल्या बाईला इथे कुणी गप्प बसवत नाही. २००८ साली चिलीच्या रोबर्टा बासिच यांनी इथे आर्पियेरा, म्हणजे कापडाचे तुकडे शिवून केलेली चित्रं, प्रदर्शनात मांडल्या. चिलीतल्या १९७३च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसं उचलून नेली ती परत आलीच नाहीत, अशा बायकांनी चर्चच्या आसऱ्याने एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवली. कधी हरवलेल्याच्याच सदऱ्याचा तुकडा लावून. ती लपतछपत देशाबाहेर गेली, विकली गेली, त्यावर घरं चालली. त्यांत माया नव्हती? १९८७ साली वॉशिंग्टनमध्ये एड्सने गेलेल्यांच्या नावाचे, एका मोठ्या गोधडीचे १,९२० तुकडे अंथरले, एकेक तीन बाय सहा फुटांचा, थडग्याएवढा. ती माया नाही तर काय?

"तुला तिकडे बसून काय कळणार," मामेभाऊ म्हणाला. का नाही कळणार? मीही सदाशिव पेठेतच वाढले. टांगा ती गोधडी, गणपतीच्या आधी टांगा!

पण हे लिहिताना पलंगावरच्या माझ्या गोधडीकडे लक्ष गेलं. वॉर्डातल्या मैत्रिणींना मी ती 'आजीने शिवलेली' म्हणून दाखवते. आजीची फक्त जुनी लुगडी होती. शिवायला पर्वती पायथ्याहून एक बाई दुपारच्या यायच्या. वाड्याच्या पडवीत लुगडं अंथरायच्या आणि कडेने आत आत धावदोरा घालत जायच्या. त्यांना जवळचं कमी दिसायचं, म्हणून सुईत दोरा मी ओवून द्यायचे. त्यांचा चहाचा कप वेगळा, कोनाड्यात ठेवलेला. तोही मीच काढून द्यायचे.

रविवारी मामीला फोन करून त्यांचं नाव विचारलं. ती बराच वेळ आठवत राहिली.

"अगं, आम्ही तिला गोधडीवालीच म्हणायचो."