साडेपाचची एसटी आणि सहाचं व्याख्यान

"हल्लीची पोरं येत नाहीत हो कार्यक्रमाला." कोल्हापुरात कुठल्याही पुरोगामी कार्यक्रमानंतर चहा घेताना हे वाक्य कानावर पडतंच. म्हणणारे बहुतेक साठी-सत्तरीचे असतात आणि मनापासून म्हणतात. त्यांतल्या कित्येकांनी मोर्चे काढलेत, लाठ्या खाल्ल्यात, पगारातले पैसे घालून व्याख्यानमाला चालवल्यात. त्यांच्यासमोर उलट बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून इथं लिहिते.

पोरं येत नाहीत हे खरंच आहे. पण त्यांना कशात रस नाही, मोबाईलनं वाटोळं केलंय, हे साफ खोटं. आपण कार्यक्रम ठेवतो आपल्या सोयीनं, आपल्या वयाच्या माणसांसाठी, आणि मागच्या रांगा रिकाम्या दिसल्या की नावं ठेवतो पोरांना.

मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे सीएचबी, जेवढे तास तेवढे पैसे. स्टाफरूममध्ये सगळ्यात शेवटची खुर्ची माझी, त्यामुळं "मॅडम, तेवढी पन्नास पोरं पाठवा की" हा फोन फिरत फिरत माझ्याकडंच येतो. पन्नास पोरं कशाला हवी असतात ते सांगायला नको. हॉल भरलेला दिसायला.

आधी वेळेचं बघा. कार्यक्रम दसरा चौकातल्या शाहू स्मारकच्या हॉलमध्ये, पत्रिकेवर वेळ सायंकाळी सहा. सुरू होणार साडेसहाला. प्रमुख वक्त्यांच्या हातात माईक जाणार साडेसातला. आता माझ्या वर्गात बघा. निम्म्याहून जास्त पोरं राधानगरी, करवीर, पन्हाळा, कागल तालुक्यांतली. सकाळी सातची गाडी धरून आलेली, डबा खाल्लेला, संध्याकाळी रंकाळा स्टँडवर पळणारी. एकीला मी विचारलं होतं, चांगली बोलते, वाचते, तू का आली नाहीस? ती म्हणाली, "मी आलो असतो मॅडम, पण साडेपाचची गाडी चुकली की पुढची अंधारात सोडते. फाट्यापासून घरापर्यंत चालायला लागतंय. एकदा उशीर झाला तर घरात म्हणतील, आता कॉलेजच बास."

पुरोगामी कार्यक्रमात स्त्री-पुरुष समतेवर दोन तास बोलणं होतं आणि ते ऐकायला मुलगी बसूच शकणार नाही अशी वेळ आपण ठरवतो. आपल्या हे ध्यानातही येत नाही, कारण आपल्या गाड्या हॉलच्या बाहेर लावलेल्या असतात.

आता कार्यक्रम आतून कसा असतो ते बघू. दीपप्रज्वलन आपण करत नाही, रोपट्याला पाणी घालतो. हार-तुरे नाहीत, पुस्तक देतो. चांगलं आहे. पण पुढं सगळं तेच. स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचाही थोडा परिचय, दोन मनोगतं, मग व्याख्यान, मग अध्यक्षीय समारोप, आणि आभार मानणारा पोरगा. तरुणांना व्यासपीठ दिलं म्हणतात ते एवढंच. आभार आणि सतरंज्या. प्रश्नोत्तरं पत्रिकेत असतात, पण "वेळेअभावी" रद्द होतात. झालीच तर पहिला हात वर करणारे आपलेच कुणीतरी काका असतात, आणि ते प्रश्न विचारत नाहीत, स्वतःचं छोटं भाषण करून घेतात.

कॉलेजातल्या कार्यक्रमांची कथा आणखी वेगळी. तिथं सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती म्हणजे नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, फाईल. बॅनर, हजेरीपत्रक, जिओटॅग असलेले फोटो, अहवाल, अभिप्रायाचा क्यूआर कोड. मी स्वतः वक्ता अजून फुल्यांच्या जन्मसालाशी असताना मुलांना ई-प्रमाणपत्राची लिंक गेलेली बघितली आहे. लिंक आल्याबरोबर मागचे तीन बाक रिकामे. पोरांचं मला हसू आलं, राग नाही आला. ज्यासाठी बोलावलं होतं ते त्यांना मिळालं, ती गेली.

दुसरं म्हणजे परवानगी. "विषय राजकीय नाही ना?" हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. 1989 पासून या देशात अठराव्या वर्षी मतदान करता येतं. म्हणजे आमचं एफवायचं, पहिल्या वर्षाचं पोर आमदार-खासदार निवडू शकतं, पण वर्गात बसून राजकारणावर चार शब्द ऐकायचे म्हटलं की ते लहान होतं. विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका आपल्याकडं नव्वदच्या दशकात बंद झाल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं त्यांना पुन्हा वाट करून दिली, 2019 ला तारखांपर्यंत गोष्ट आली आणि विधानसभेचं कारण देऊन पुढं ढकलली गेली. प्रचार करणं, हरणं, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवणं, हे कुठं शिकायचं पोरांनी? युवा महोत्सवात वादविवाद स्पर्धा असते खरी, पण तिथं बाजू पाठ करून येतात.

मग ही पोरं राजकारणापासून लांब राहतात का? मुळीच नाही. 7 जून 2023 आठवा. मोबाईलवरच्या आक्षेपार्ह स्टेटसवरून सुरू झालं आणि दुपारपर्यंत कोल्हापूर शहरात दगड, लाठीमार, अश्रुधूर, आणि मग इंटरनेट बंद. स्टेटस ठेवणारी कोवळी पोरं, आणि रस्त्यावर उतरलेलीही कोवळीच. पुढच्या वर्षी 14 जुलैला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरं फोडली गेली, तेव्हाचे व्हिडिओ बघा, चेहरे कुठल्या वयाचे आहेत ते बघा. त्यांना कुणीतरी बोलावलं होतं आणि ती गेली होती. तिथं कुणी हजेरीपत्रक फिरवलं नव्हतं.

हे असं का होतं यावर मी खूप विचार केलाय. तालमीत, मंडळात, गडकोट मोहिमेत पोराला पहिल्या दिवशी काम मिळतं. झेंडा धर, हलगी वाजव, गाडी काढ, जेवणाचं बघ. त्याचं नाव सगळ्यांना माहीत होतं. कुणीतरी "भावा" म्हणून खांद्यावर हात टाकतं. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियममध्ये मुंगी शिरायला जागा नसते, ती गर्दी कुणी परिपत्रक काढून जमवलेली नसते. तालीम वाईट नाही, कोल्हापूरच्या तालमींना तर शाहू महाराजांचाच आधार होता. वाईट हे, की तिथं काय बोललं जातं हे ठरवायला आपण कधी गेलोच नाही. आपण हॉल बुक करून वाट बघत बसलो.

शाहू महाराजांचं नाव आपण घेतो तेव्हा हटकून अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात महाराजांनी घेतलेला चहा सांगतो. सांगायलाच पाहिजे. पण त्याच भाषणात आपण ज्या दसरा चौकात बसलेलो असतो त्याच्या चारी बाजूंना काय उभं आहे ते बघत नाही. बोर्डिंगं उभी आहेत. महाराजांनी आधी सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह करून बघितलं, त्यात एकाच जातीची मुलं राहिली. मग 1901 ला मराठा बोर्डिंग, त्याच सुमाराला जैन बोर्डिंग, 1906 ला मुस्लिम, 1908 ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी रांग लागली. जैन बोर्डिंगात राहून गेलेल्या एका मुलानं पुढं 1919 ला रयत शिक्षण संस्था काढली, ते कर्मवीर भाऊराव. 26 जुलै 1902 चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम सगळ्यांना पाठ असतो. पण त्या जागांवर बसायला शिकलेली पोरं कुठनं येणार, ती शहरात आली तर झोपणार कुठं आणि जेवणार काय, हे कोडं महाराजांनी आधी सोडवायला घेतलं होतं. आपण त्यांच्या जयंतीला परिसंवाद घेतो आणि परिसंवादाला आलेली पोरगी घरी कशी जाणार हे विचारत नाही.

कॉम्रेड गोविंद पानसरे, आमचे अण्णा, यांच्याबद्दलही थोडं. आज एफवायला असलेलं पोर 2015 च्या फेब्रुवारीत प्राथमिक शाळेत होतं. 16 तारखेला सकाळी सागरमाळला अण्णांवर गोळ्या झाडल्या गेल्या, 20 ला ते गेल्याची बातमी आली, शहर कसं सुन्न झालं, हे त्याच्या आठवणीत नाही. त्याच्यासाठी ते बॅनरवरचा फोटो आहेत. पुढं दर महिन्याच्या 20 तारखेला निर्भय मॉर्निंग वॉक निघू लागला, त्याला मीही गेले आहे, त्यात चालणाऱ्यांची निष्ठा बघून मान खाली जाते. पण अण्णांचं बळ फक्त धाडसात नव्हतं. त्यांचं शिवरायांवरचं पुस्तक भाषणातून तयार झालं, म्हणून ते एसटीत बसून एका प्रवासात वाचून होतं आणि शेतमजुरालाही कळतं. आणि दुसऱ्या जातीत लग्न करणारं जोडपं घाबरून आलं तर ते त्यांच्या पाठीशी उभे राहायचे. पोरांच्या आयुष्यात जे चाललंय तिथं जाऊन उभं राहायचं, ही पद्धत आपण विसरलो आणि व्याख्यानमाला तेवढी लक्षात ठेवली.

यावरून मागच्या वर्षीचं सांगते. आमच्या टीवायच्या, तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी स्वतः ठरवलं, "लग्न आणि कायदा" असा कार्यक्रम घ्यायचा. वेळ दुपारी बारा, जागा वर्ग क्रमांक अमुक, पंख्यातला एक बंद. बॅनर नाही. ओळखीच्या एक वकीलताई आल्या. पोरांनी एकच हुशारी केली, बिस्किटांचा रिकामा डबा आदल्या दिवसापासून वर्गाबाहेर ठेवला. नाव न लिहिता चिठ्ठी टाका.

डबा उघडला आणि वकीलताई बराच वेळ नुसत्या वाचतच बसल्या. "रजिस्टर लग्नाची नोटीस ऑफिसात लावतात म्हणे, गावातल्या कुणी फोटो काढून घरी पाठवला तर?" "मुलगी 19 ची आणि मुलगा 20 चा असेल तर?" "जात एकच आहे पण पोटजात वेगळी, तरी घरात चालत नाही, याला आंतरजातीय म्हणायचं का?" "भावकीनं वाळीत टाकलं तर?" आणि एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात, "मला आत्ता लग्नच करायचं नाही, तर कायदा काय मदत करतो?"

त्या ताईंनी भाषण बाजूला ठेवलं. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस का आहे आणि तिचा त्रास कसा होतो, मुलगा 21 आणि मुलगी 18 पूर्ण का लागतात, वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रानं 2016 मध्ये वेगळा कायदा केला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद कशी होऊ शकते, जोडप्यातलं एक जण मागासवर्गीय आणि दुसरं सवर्ण असेल तर शासनाचं पन्नास हजारांचं अनुदान कुठल्या ऑफिसात मागायचं, सगळं उलगडून सांगितलं. घंटा झाली, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले, आणि मग तेही आत येऊन बसले. जातिअंत हा शब्द त्या दिवशी एकदाही कुणी उच्चारला नाही.

त्यातूनच पुढचं काम निघालं. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनानं राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. हे आपल्या जिल्ह्यात झालं. पोरांना म्हटलं, यावर व्याख्यान नको. सुट्टीत घरी जाताय ना, आपल्या गावात ठराव झालाय का विचारा, आणि झाला असेल तर खरंच काही बदललं का ते आई, आजी, चुलतीला विचारा. बऱ्याच जणांनी काही केलं नाही, ते होणारच. पण ज्यांनी केलं त्यांच्या वह्या वाचून मी गप्प झाले. एका पोराच्या आजीनं त्यालाच विचारलं होतं, "ठराव झाला रं, पण तुझ्या बहिणीच्या हळदीला मला पुढं बसवशील काय?" त्यानं ते वाक्य तसंच्या तसं लिहून आणलं, खाली स्वतःचं उत्तर लिहिलं नाही.

काही ज्येष्ठ म्हणतील, मग मोठ्या सभा बंदच करायच्या का? बिंदू चौकात गर्दी दिसायला नको का? दिसायला हवी. ज्या चौकात सत्यशोधक नेते माधवराव बागलांनी 9 डिसेंबर 1950 ला, बाबासाहेब हयात असताना, फुले आणि आंबेडकरांचे पुतळे बसवले, तिथं सभा झालीच पाहिजे आणि मीही येणार. फक्त ती कॉलेजच्या पोरांसाठी आहे असं म्हणू नका. त्यांच्यासाठी काही करायचं असेल तर अकरा ते दोन ही वेळ धरा, कॉलेजात या, नाहीतर अभ्यासिकेत जा. स्पर्धा परीक्षेची पोरं दिवस-दिवस तिथं बसून असतात, त्यांना भरती कधी निघणार आणि कंत्राटी जागा का वाढल्या यावर बोलणारं माणूस हवंय. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर अडकलेल्या शिष्यवृत्तीवर बोला. वक्ता एकच आणा. पोरं चिडून, चुकीचं, विरोधात बोलली तरी माईक काढून घेऊ नका. आमच्या वर्गात कट्टर बोलणारी पोरंही आहेत, आणि खरं सांगायचं तर चर्चेला सगळ्यात आधी तीच येतात. आपल्या हॉलमध्ये त्यांना कुणी बोलावतच नाही, सगळे एकमेकांशी सहमत असलेले लोक एकमेकांना टाळ्या देतात.

आणि पन्नास पोरं पाठवा म्हणून फोन करणाऱ्यांना विनंती, यापुढं दोन पोरं मागा, पण ती संयोजनाच्या पहिल्या बैठकीला मागा. विषय ठरायच्या आधी. बैठकही दुपारीच ठेवा.

जाता जाता एक काम. त्या गावच्या वह्या टाईप करायच्या आहेत, काहींचं अक्षर दिव्य आहे. कोल्हापुरातलं कुणी मदत करणार असेल तर इनबॉक्सला या. मानधन नाही, आमच्या कँटीनचा चहा आहे.