क्युबेकची एक जागा आणि आपली मतदारसंघ पुनर्रचना

लोकसभेच्या जागांचं राज्यांमध्ये फेरवाटप करायचं की नाही, या वादात दोन्ही बाजूंचे लोक खरं बोलत आहेत. म्हणूनच तो सुटत नाही. २०११च्या जनगणनेचे आकडे घेतले तर उत्तर प्रदेशात सरासरी २५ लाख लोकांमागे एक खासदार येतो, तमिळनाडूत साडेअठरा लाखांमागे आणि केरळमध्ये सतरा लाखांच्याही आत. बलियातल्या बाईचं मत कोट्टायममधल्या बाईच्या मतापेक्षा हलकं का धरायचं, याला उत्तर नाही. ज्या राज्यांनी केंद्राचंच कुटुंबनियोजनाचं धोरण मनापासून राबवलं, त्यांची दिल्लीतली ताकद त्याच कारणाने का घटावी, यालाही नाही. १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१च्या लोकसंख्येवर गोठवल्या. पुढे ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. मार्च २०२५मध्ये स्टॅलिन यांनी चेन्नईत बोलावलेल्या बैठकीत आणखी २५ वर्षं हे असंच राहू द्या, अशी मागणी झाली.

मी टोरोंटोत राहते आणि मतदानही इथेच करते. २०२१ साली हाच पेच कॅनडात क्युबेकच्या निमित्ताने उभा राहिला होता. इथे दर दहा वर्षांनी प्रांतांच्या जागा नव्याने ठरतात. त्या वर्षीच्या हिशेबात क्युबेकच्या ७८ जागांपैकी एक कमी होत होती. क्युबेकची लोकसंख्या काही घटली नव्हती, बाकीचे प्रांत जास्त वेगाने वाढले होते. फ्रेंच भाषकांच्या या प्रांतात त्यावरून मोठी नाराजी उसळली. शेवटी २०२२मध्ये संसदेने कायदाच बदलला. २०२१मध्ये ज्या प्रांताच्या जितक्या जागा होत्या, त्यापेक्षा कमी त्याला कधी मिळणार नाहीत, असं ठरलं. क्युबेकचे ७८ कायम राहिले, अल्बर्टाला तीन जागा वाढवून मिळाल्या, ब्रिटिश कोलंबिया आणि ऑन्टारियोला एकेक. सभागृह ३३८चं ३४३ झालं आणि २०२५ची निवडणूक त्याच नकाशावर झाली.

म्हणजे जागा गोठवायच्या किंवा काढून घ्यायच्या, याखेरीज तिसरी वाटही आहे: असलेलं कुणाचं काढायचं नाही, वाढलेल्यांना वाढीव द्यायचं. भारतातल्या चर्चेत ही वाट अधूनमधून डोकावते, पण तिची किंमत कुणी नीट मांडत नाही, म्हणून ती इथे मांडते. प्रिन्स एडवर्ड आयलंड या चिमुकल्या प्रांताची लोकसंख्या २०२१ला दीड लाखाच्या जरा वर होती. सिनेटमध्ये, म्हणजे कॅनडाच्या संसदेच्या वरच्या सभागृहात, त्याचे चार सदस्य आहेत आणि सिनेटपेक्षा कमी खासदार कुठल्याच प्रांताला द्यायचे नाहीत असं राज्यघटनेत आहे, म्हणून त्याला खासदारही चार. तिथे अडतीस-एकोणचाळीस हजार लोकांमागे एक खासदार, तर अल्बर्टात जागा वाढल्यावरही एक लाख पंधरा हजारांच्या आसपास लोकांमागे एक. अल्बर्टातल्या लोकांचा यावरचा राग मला रास्त वाटतो.

शिवाय नुसता आकडा राखून भागत नाही. लोकसभा ५४३ची आठशे-साडेआठशेंची झाली आणि केरळच्या जागा वीसच राहिल्या, तर केरळचं काढून काहीच घेतलं नाही असं कागदावर म्हणता येईल. सभागृहातला त्याचा वाटा मात्र पावणेचार टक्क्यांवरून अडीचवर येईल. मतदान होतं तेव्हा वाटाच मोजला जातो. या ठिकाणी कॅनडाची सिनेट आठवते. तिचे सदस्य निवडून येत नाहीत, ही तिची मोठीच उणीव, पण विभागवार रचनेत तिने ऑन्टारियो, क्युबेक, पूर्वेचे सागरी प्रांत आणि पश्चिमेचे चार प्रांत यांना प्रत्येकी २४ जागा दिल्या, लोकसंख्या कितीही असो. आपली राज्यसभा नावाला राज्यांची. जागा तिथेही बऱ्याच अंशी लोकसंख्येनुसारच: उत्तर प्रदेश ३१, केरळ ९. आणि २००३पासून तर उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याचीही अट उरली नाही. लोकसभेत माणसं मोजायची असतील तर राज्यसभेत राज्यं मोजली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. दक्षिणेने गोठवणुकीची मुदत वाढवून मागण्यापेक्षा राज्यसभेच्या रचनेवर भांडावं. त्या भांडणात ओडिशा, पंजाब, आसामही त्यांच्या बाजूने उभे राहू शकतील.

महाराष्ट्रातले मित्र या वादाकडे दुसऱ्यांचं भांडण म्हणून पाहतात. पण हेच गणित आपल्या राज्याच्या आत २००८च्या पुनर्रचनेत लागू झालंय. विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६वरून ६२वर आल्या, लोकसभेची एक गेली. जुन्या ठाणे जिल्ह्याचे आमदार १३चे २४ झाले. कोकणातला राजापूर लोकसभा मतदारसंघ, जिथून नाथ पै आणि मधु दंडवते निवडून गेले, तो नावानिशी संपला. लोकसंख्येप्रमाणे हे बरोबरच होतं. पण ज्या भागातली तरुण पोरं रोजगारासाठी मुंबई-पुण्याला गेली, त्याच भागाचा आवाजही मग कमी झाला. आधी काम गेलं, मग माणसं, मग आमदार. चेन्नईला वाटणारी भीती यापेक्षा फार वेगळी नाही.

आकडे समान करण्याच्या नादात नकाशा कसा होतो, हे मावळ लोकसभा मतदारसंघात दिसतं. पनवेल, कर्जत, उरण हे रायगडातले विधानसभा मतदारसंघ, आणि मावळ, चिंचवड, पिंपरी हे पुणे जिल्ह्यातले. एका टोकाला उरणची खाडी आणि बंदर, दुसऱ्या टोकाला पिंपरी-चिंचवडचे कारखाने, मधे अख्खा सह्याद्री. उरणच्या मच्छीमाराचा आणि चिंचवडच्या कामगाराचा खासदार एकच. दोन जिल्हाधिकारी, दोन पालकमंत्री, पाण्याचे प्रश्न वेगळे, जमिनीचे वेगळे.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये सस्कॅचेवान प्रांताच्या मतदारसंघांच्या प्रकरणात सांगितलं की मताच्या हक्काचा गाभा परिणामकारक प्रतिनिधित्व हा आहे. मतांची समानता त्यातली पहिली अट, पण भूगोल, इतिहास, लोकांचे एकमेकांत गुंतलेले हितसंबंध यांनाही जागा आहे. इथल्या कायद्यातही प्रांताच्या सरासरीपेक्षा २५ टक्के कमी-जास्त चालतं आणि अपवादात्मक परिस्थितीत त्याहून जास्तही. लॅब्राडोरला सत्तावीस हजारांहून कमी वस्तीवर स्वतःचा खासदार आहे, कारण तो अफाट, विरळ प्रदेश न्यूफाउंडलंड बेटाला जोडला तर त्याचं कुणी ऐकणार नाही. गडचिरोलीसाठी असा विचार व्हायला काय हरकत आहे?

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते रेषा कोण आखतं याबद्दल. इथे प्रत्येक प्रांतासाठी तिघांचा आयोग असतो. प्रांताचे मुख्य न्यायाधीश एका न्यायाधीशाला अध्यक्ष नेमतात, बाकी दोघांना संसदेचे सभापती. विद्यमान खासदार त्यात बसू शकत नाही. खासदारांना आक्षेप घेता येतो, शेवटचा शब्द आयोगाचा. ऑन्टारियोच्या आयोगाने २०२२मध्ये पहिला आराखडा काढला, त्यात टोरोंटोच्या पूर्वेकडच्या स्कारबरोचे सहा मतदारसंघ पाचवर येत होते. स्थलांतरितांची, भाड्याने राहणाऱ्यांची वस्ती, आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं तिथे राहतात. लोकांनी सुनावण्यांत जाऊन सांगितलं, लेखी निवेदनं दिली. शेवटच्या आराखड्यात स्कारबरो सेंटरला शेजारच्या डॉन व्हॅली ईस्टचा भाग जोडून सहावा मतदारसंघ राखला गेला. टोरोंटोची एक जागा गेलीच, पण ती कुठून आणि का गेली, याची कारणं अहवालात लिहिलेली आहेत. कुणालाही वाचता येतात.

आपला लोकसभा-विधानसभांच्या मतदारसंघांच्या सीमा आखणारा परिसीमन आयोग यापेक्षा फार वाईट नाही. निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष, निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी, आमदार-खासदार सहयोगी सदस्य, तेही मताधिकाराविना. घात होतो तो खाली, महापालिकांच्या प्रभाग रचनेत. २०२२मध्ये महाराष्ट्राने कायदा करून प्रभागांच्या सीमा ठरवण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. मुंबईचे प्रभाग एका सरकारने २२७चे २३६ केले, पुढच्याने पुन्हा २२७. पुण्यात तीन सदस्यांचा प्रभाग ठरला, मग परत चारचा. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा खटलाही सोबत चालू होता. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ला संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ला. तोवर प्रशासक.

माझ्या भावाने त्याच्या शहरात हरकत घेतली होती. प्रारूप रचनेत उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी हद्द लिहिलेली असते, अमुक नाल्याच्या मध्यातून, तमुक रस्त्याने. त्याच्या गल्लीतले दोन प्रगणक गट, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेले घरांचे गट, नाल्यापलीकडच्या प्रभागात गेले होते, जिथे जायला पूल नाही. त्याने हाताने नकाशा काढून जोडला. फोनवर म्हणाला, "ताई, सुनावणीला दोन मिनिटं मिळाली. ऐकून घेतलं, सही घेतली. अंतिम रचना आली ती जशीच्या तशी." का फेटाळली, याचं एक ओळीचंही उत्तर त्याला मिळालं नाही.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. महिलांचं एक तृतीयांश आरक्षणही २०२३च्या घटनादुरुस्तीने तिच्यानंतरच्या पुनर्रचनेशीच बांधलंय. त्याआधी महाराष्ट्राच्या ४८ खासदारांना तीन गोष्टी विचारायला हव्यात: राज्यसभेच्या जागांबद्दल तुमची भूमिका काय, डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या भागांना सरासरीतून किती सूट देणार, आणि प्रत्येक हरकतीवर कारणांसह लेखी निर्णय द्यायचं बंधन नव्या कायद्यात घालणार का. आमदारांना एकच प्रश्न पुरे: प्रभागांच्या रेषा आखण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला परत कधी देताय?